इंदूरला सचिन पाहिलेली माणसं

अमळनेरात सचिन तेंडुलकरला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांची संख्या दरवर्षी वाढते आहे. त्याला निवृत्त होऊन दशक उलटलं, तरी वाढतेच आहे. बसस्टँडजवळच्या टपरीवर क्रिकेटचा विषय निघाला की कोणीतरी कप खाली ठेवतो आणि म्हणतो, “मी तेले देखेल शे.” कुठे? इंदूरला. कधी? २००१ साली, दहा हजार धावा झाल्या तेव्हा.

मुंबई नाही, इंदूर. खानदेशाबाहेरच्यांना याचं नवल वाटतं. पण वानखेडेचं तिकीट म्हणजे वशिल्याचं काम आणि वर मुंबईत राहायची पंचाईत. इंदूरचं तसं नव्हतं. धुळ्याला आग्रा रोड धरायचा, शिरपूर, सेंधवा, खलघाट करत पहाटे इंदुरात. शिवाय ते होळकरांचं गाव. सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकलेला, त्याच संघात आपले भाऊसाहेब निंबाळकरही होते. क्रिकेट पाहायला इंदूरला जायचं, यात आमच्याकडे परगावी गेल्यासारखं कोणाला वाटत नसे.

आता २००१ची गोष्ट. ३१ मार्च, नेहरू स्टेडियम, समोर स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलिया. कोलकात्याला लक्ष्मणने २८१ केल्याला जेमतेम दोन आठवडे झालेले, सगळा देश त्याच धुंदीत. सचिनने १२५ चेंडूंत १३९ धावा केल्या, १९ चौकार मारले आणि एकदिवसीय क्रिकेटमध्ये दहा हजार धावा करणारा तो जगातला पहिला फलंदाज ठरला. लक्ष्मणच्या ८३. भारत २९९, ऑस्ट्रेलिया १८१. भारताने सामना ११८ धावांनी जिंकला. असा सामना ज्याने पाहिला त्याने तो जन्मभर सांगावा, यात गैर काही नाही.

अडचण तारखेची आहे. ३१ मार्च, म्हणजे मार्चअखेर. बँकेतला माणूस त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत खुर्चीला बांधलेला, पतसंस्थांचे हिशेबनीस ताळेबंदात बुडालेले, सरकारी कचेरीत बिलं मंजूर करून घ्यायची झुंबड. आणि नेमके यातलेच चार-पाच जण आपण इंदूरला होतो म्हणून छातीठोकपणे सांगतात! त्यांना खोटारडं म्हणवत नाही. टीव्हीवर ती खेळी इतक्यांदा दाखवली गेली की पाहिलेलं आणि गेलेलं यातली सीमारेषा पुसली गेली असेल.

म्हणून मी एक साधी परीक्षा काढली आहे. २००१चं सांगणाऱ्याला मान डोलवायची. १९९७चं सांगणाऱ्याला मात्र चहा पाजायचा, कारण १९९७ची थाप कोणी मारत नाही.

ती तारीख होती २५ डिसेंबर १९९७. नाताळची सुट्टी, समोर विश्वविजेती श्रीलंका आणि भारताचा कर्णधार स्वतः सचिन. शाळा-कॉलेजवाले, दुकानदार सगळ्यांनाच सवड. आम्ही तरुण पोरं एक ट्रॅक्स ठरवून रात्री निघालो होतो. सोबत भाकरी, ठेचा आणि शेव-मुरमुऱ्यांची पिशवी. बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा थंडीने दात वाजत होते. तिथल्या देवीला हात जोडले, खलघाटच्या पुलावर नर्मदेत नाणी टाकली. सचिनचं शतक व्हावं एवढंच मागणं. इंदुरात पोहे-जिलेबी खाऊन मैदानात शिरलो.

श्रीलंकेने फलंदाजी सुरू केली. तीन षटकं झाली, १७ धावा, एक गडी बाद. आणि खेळ थांबला. आधी कोणाला काही कळेना. मैदानावर रिप्ले नाही, पडदा नाही. माझ्या पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्याने कानाला ट्रान्झिस्टर लावला होता. समोर शंभर पावलांवर काय चाललंय ते आम्ही त्याला विचारत होतो आणि तो आकाशवाणीवर ऐकून आम्हाला सांगत होता. खेळपट्टी धोकादायक आहे, चेंडू कसाही उसळतोय. मग मधोमध रणतुंगा आणि सचिन, दोघे कर्णधार बोलत उभे. आडवा नि उभा, दुरूनही ओळखू येणारे. सामना रद्द.

पब्लिक भडकू नये म्हणून शेजारच्या खेळपट्टीवर २५ षटकांचा मैत्रीपूर्ण सामना खेळवला गेला. अधिकृत नोंदीत त्या दिवसाची तीनच षटकं आहेत. त्यामुळे पुढे जे झालं ते फक्त पाहणाऱ्यांच्या डोक्यात उरलं आणि आमच्या ट्रॅक्समधले कोणतेही दोघे ते एकसारखं सांगत नाहीत. महिन्याभराने जमैकात इंग्लंड-वेस्ट इंडीज कसोटी ५६ मिनिटांत अशीच गुंडाळली गेली, तेव्हा आम्हाला उगाच बरं वाटलं होतं. सचिनचं कर्णधारपद तर त्याआधीच गेलं होतं.

मग पाहिलं काय? तीन षटकांचं क्षेत्ररक्षण. पण त्याचं चालणं, टोपी सारखी करणं, हातानेच एखाद्याला दोन पावलं मागे सरकवणं हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे पळतो. मैदानात आपली नजर आपल्या मालकीची असते, चेंडू कुठेही जावो, आपण त्याच्याकडे पाहत राहू शकतो. प्रत्यक्ष जाण्याचा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे.

वानखेडेवर गेलेलेही थोडे आहेत. २ एप्रिल २०११च्या अंतिम सामन्याला पोचलेल्यांना सचिनच्या १८ धावा मिळाल्या. मलिंगाचा चेंडू, संगकाराचा झेल आणि स्मशानशांतता. विश्वचषक मिळाला म्हणून ते दुःख गिळलं गेलं. नोव्हेंबर २०१३ची दोनशेवी कसोटी मात्र बहुतेकांनी घरीच पाहिली. तिकिटांची वेबसाइट कोलमडली, सायबर कॅफेत बसलेली पोरं हात हलवत परतली. ७४ धावा, देवनारायणच्या चेंडूवर सॅमीने स्लिपमध्ये झेल घेतला, खेळ तिसऱ्याच दिवशी आटोपला. त्या सामन्यात सचिनची आई, रजनीताई, लेकाला मैदानावर खेळताना पहिल्यांदाच पाहत होती. चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत पहिल्यांदा! आपल्याला तीन षटकं तरी आधीच मिळाली होती, असं आमच्यातला एक जण म्हणाला. त्याला कोणी हसलं नाही.

नेहरू स्टेडियमचे दिवस पुढे सरले, इंदूरचे सामने होळकर स्टेडियमवर गेले. तिथे डिसेंबर २०११मध्ये सेहवागने २१९ ठोकले. आमच्याकडून गाड्या भरभरून गेल्या होत्या म्हणे, पण त्या मालिकेत सचिन नव्हता. त्यामुळे टपरीवर तो सामना फारसा निघत नाही.

१९९७ला जे गेले होते त्यांची आता साठी जवळ आली, काहींची उलटून गेली. त्या २५ षटकांत सचिन खेळायला आला होता का, किती वेळ टिकला, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. खानदेशातून त्या दिवशी जे कोणी इंदूरला गेले असतील, त्यांनी आठवेल ते वहीत उतरवून ठेवावं. तिकिटाचं अर्धुक सापडलं तर तेही त्याच वहीत चिकटवावं.