चाकाचा घेर आणि पेट्रोलचा हिशेब

कुंभारीहून अक्कलकोट रस्त्याने मोटार सोलापूरला नेताना पेट्रोल किती जळेल, हे चाकांवरही अवलंबून असते. समजा, 60 सेंटिमीटर व्यासाच्या चाकांऐवजी आपण 63 सेंटिमीटरची बसविली. घेर शेकडा 5 वाढला. पण मीटर चाकाचे फेरेच मोजतो. म्हणून गाडी 105 किलोमीटर धावली तरी तो 100च दाखवील. मग ‘गाडी पेट्रोल फार पिते’ असं उगाच वाटतं. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे.

खरा खर्च वाढतो तो जड, रुंद चाकांनी आणि कमी हवेने. हवा कमी असली की टायर दबतो, रबर तापते नि पेट्रोल वाया जाते. मऊ रानात बैलांना गाडी जड जाते, तसंच हे. तेव्हा दाराजवळच्या पट्टीवरचेच माप ठेवा आणि हवा टायर थंड असतानाच तपासा.