गजकर्णाचे मलम आणि झाडपाल्याची तिजारत

बिरादरीतला एक तरुण मागे सोनपेठच्या आमच्या दुकानी येऊन बसला. हात शिवणकामाचा, डोके धंद्याचे. म्हणाला, "चाचा, ओवा, कडुलिंब आणि लवंगेचे तेल घालून गजकर्णाचे मलम काढतो. भांडवल तुम्ही घाला, मेहनत माझी." माल खपेल यात आम्हालाही शंका नव्हती. तरी कापड घेताना आम्ही ताणा-बाणा पाहतो, तसा हा व्यवहारही पाहून घ्यावा म्हणून त्याच्याकडून मुदत मागितली. त्या मुदतीत जे हाती आले ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

गजकर्ण, नायटा, उर्दूत दाद, हकीमांच्या पुस्तकात कूबा. रोग एकच, आणि तो बुरशीचा. ओल, घाम आणि घासणारे कापड मिळाले की ही बुरशी कातडीच्या वरच्या थरावर पसरते. आमचे कारागीर दिवसभर मशीनवर किंवा भट्टीपुढे घामात बसतात. त्यात अंगावर तंग जीन्स आणि पॉलिस्टरचा सदरा. आम्ही दोन्ही प्रकारचा माल विकतो म्हणून सांगायला संकोच नाही: उन्हाळ्यात सुती ढिला कपडा घ्या, आणि घरात एकाला जरी नायटा असला तरी टॉवेल व आतले कपडे वेगळे ठेवून गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा.

पूर्वी हा रोग दोन-चार आठवड्यांच्या मलमाने जाई. आता जात नाही, आणि त्यात आम्हा लोकांचाही दोष आहे. दुकानातून कुणालाही न विचारता जी मलमे नेली जातात, त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉईड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, गिऱ्हाईक खूश होते, आणि आत बुरशी मजेत वाढते. सरकारने 2018 साली अशी स्टेरॉईडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावीत असा नियम केला. पण तोवर बुरशी शहाणी झाली होती. 2020 साली जपानी शास्त्रज्ञांनी तिच्या एका जातीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असे नाव दिले. नावात हिंदुस्थान आहे, कारण हिचा मोठा फैलाव आपल्या भागात झाला. 2023 साली ती न्यूयॉर्कमध्येही सापडल्याची नोंद झाली.

ती औषधाला का जुमानत नाही, हे कापडवाल्याच्या भाषेत सांगतो. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा एक धागा असतो. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. टर्बिनाफिन हे औषध एर्गोस्टेरॉलचा धागा कातणाऱ्या चात्यांपैकी एक चाती अडवते. या नव्या जातीने त्या चातीचा एक दात बदलला. आता औषधाची पकड बसत नाही. म्हणून नव्या औषधाची गरज आहे, आणि म्हणूनच शास्त्रज्ञ पुन्हा झाडपाल्याकडे पाहू लागले आहेत.

झाडापासून गजकर्णाचे औषध ही गोष्ट आमच्या मुलखाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गोवा पावडर नावाची एक पिवळट-तपकिरी भुकटी मिळत असे. गजकर्णावर अक्सीर म्हणून तिची ख्याती, आणि दरही तसाच. माल गोव्याहून येई म्हणून नाव गोवा, पण ती कशाची, कुठली, याचा पत्ता लागत नव्हता. 1864 साली मुंबईतील केम्प या औषधविक्रेत्याने लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या पत्रिकेत तिच्याविषयी लिहिले. पुढे दहा-अकरा वर्षांनी ब्राझीलमधील बाहियाच्या दा सिल्वा लिमा या डॉक्टरांनी गुपित फोडले. त्यांच्याकडे अरारोबा नावाचे झाड होते. त्याच्या खोडाच्या पोकळ्यांत ही भुकटी साचते आणि लाकूड फोडून ती काढतात. पोर्तुगीज अमलाच्या वाटेने ब्राझीलचा माल गोव्यात आणि तिथून मुंबईत येत होता. ती काढताना मजुरांचे डोळे आणि चेहरे सुजत, ही किंमत मुंबईच्या गिऱ्हाईकाला दिसत नव्हती.

1875 साली लंडनच्या ॲटफिल्ड यांनी पावडर तपासली आणि तिच्यात क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचे सांगितले. हे आम्ल हकीमांच्या रेवंद चीनीतही असते. तीन वर्षांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबरमान यांनी दाखवले की मुख्य द्रव्य त्याच्या जवळचे पण वेगळे आहे. त्याला क्रायसारोबिन नाव पडले. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीला मिळेना, तेव्हा 1916 च्या सुमारास तिथे त्याच धर्तीचे डिथ्रॅनॉल कारखान्यात बनवण्यात आले. ते आजही वापरात आहे, मात्र सोरायसिसवर. गजकर्णाचे औषध भलत्याच रोगाच्या कामी आले. आणखी एक: क्रायसारोबिन कातडीला झोंबते आणि कपड्यावर असा डाग पाडते की तो निघत नाही. त्या काळच्या धोब्यांनी काय म्हटले असेल, याचा विचार आम्ही करीत असतो.

दुसरा माल आमच्या घराघरातला, लोबान. जावा-सुमात्राकडून येणाऱ्या या रेझिनला अरब व्यापारी लुबान जावी म्हणत. युरोपात तोच शब्द मोडून बेंझोइन झाला आणि त्यातून निघालेल्या आम्लाला बेंझोइक नाव मिळाले. हे बेंझोइक आम्ल आणि वाळुंजाच्या जातीच्या झाडांच्या सालीवरून शोध लागलेले सॅलिसिलिक आम्ल, या दोन्हींचे मलम लंडनच्या व्हिटफिल्ड यांनी 1907 साली गजकर्णावर दिले. प्रमाण सहा टक्के आणि तीन टक्के. स्वस्त आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याला जागा मिळाली. आता दोन्ही आम्ले कारखान्यात बनतात, दर्ग्यातल्या लोबानाला कुणी हात लावीत नाही.

कडुलिंबाची हकीकत तर अदालतीतली. कडुलिंबाच्या तेलातून 1942 साली निंबिन हे द्रव्य वेगळे काढणारे सलीमुझ्झमाँ सिद्दीकी, हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजात काम केलेले. पुढे अमेरिकेचे शेतीखाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीने कडुलिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी मारण्याचे युरोपीय पेटंट 1994 साली मिळवले. वंदना शिवा आणि त्यांच्या सोबत्यांनी हरकत घेतली. निर्णायक ठरली ती महाराष्ट्रातली साक्ष. अभय फडके यांनी सांगितले की 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत शेतात असे प्रयोग झालेले आहेत. 10 मे 2000 रोजी पेटंट रद्द झाले, आणि 8 मार्च 2005 रोजी कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. लिहून ठेवलेला प्रयोग उपयोगी पडला. नुसते आजीच्या तोंडचे ज्ञान असते तर म्युनिकच्या कचेरीत ते कितपत टिकले असते?

मग नवे औषध झाडातून पटकन का निघत नाही? ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल काचेच्या बशीत बुरशी मारते, हे खरे. पण बशीत माणूस नसतो. बुरशीची पेशी आपल्या पेशीशी पुष्कळ मिळतीजुळती असते, त्यामुळे जे तिला मारते ते आपल्यालाही पोळते. बुरशी मरेल इतके तीव्र तेल लावले की जांघेची कातडी सोलून निघते. शिवाय ओवा कुठल्या रानातला, कधी काढलेला, यावर थायमॉल कमी-अधिक होते, जशी एकाच गावच्या कापसाच्या गाठीत आखूड-लांब रुई निघते. द्रव्य वेगळे काढणे, मोजणे, जनावरांवर आणि मग माणसांवर टप्प्याटप्प्याने पारखणे, यात वर्षे जातात आणि बहुतेक द्रव्ये वाटेतच गळतात. आजची बहुतेक बुरशीनाशके झाडातून आलेली नाहीत. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी शोधलेले हॅमायसिन मातीतल्या जिवाणूचे होते, त्या जिवाणूच्या नावात पिंपरी आहे. 2021 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या आयब्रेक्साफंगर्पचे मूळ ज्युनिपर झाडाच्या पानांवर राहणाऱ्या एका बुरशीत आहे. म्हणजे बुरशीचे औषध बुरशीतून, निमित्त पानाचे.

मुदत संपली तेव्हा तो तरुण आला. आम्ही त्याला सांगितले की युनानी असो की आयुर्वेदिक, औषध बनवून विकायला 1940 च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो, तज्ज्ञ माणूस आणि तपासणीची सोय लागते. घरच्या पातेल्यात हे होणार नाही. मलमात भांडवल घालणार नाही, पण तेल काढणाऱ्या कारखान्यांना ओवा पुरवायचा असेल, दोन-तीन रानांतले नमुने प्रयोगशाळेत थायमॉलसाठी तपासून आणायचे असतील, तर त्या तपासणीचा खर्च आमचा. तो जरा नाराज झाला. दुसऱ्या बाजाराला मात्र तीन पुरचुंड्या घेऊन आला, प्रत्येकीवर शेतकऱ्याचे नाव आणि गाव लिहिलेले.