घोडा बोलतो कानांनी

माथेरानला घोड्यावर बसलात की दरीचा देखावा थोडा वेळ राहू द्या, आधी त्याचे कान बघा. आपल्या कानाला तीन स्नायू, तेही जवळपास निकामी. घोड्याच्या एकेका कानाला दहा! त्यामुळे दोन्ही कान वेगवेगळे, अर्धवर्तुळात फिरतात. दोन्ही पुढे टवकारले, तर समोर काहीतरी दिसलंय. एकच मागे वळला, तर लक्ष तुमच्या आवाजाकडे आहे. सैल पडून बाजूला लोंबले, तर स्वारी निवांत. आणि मागे दाबून मानेला चिकटवले, तर दूर व्हा. पुढचा निरोप दातांनी येतो, नाहीतर लाथेने.

हे कान इतर घोडेही वाचतात. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात 2014 साली घोड्यांना दुसऱ्या घोड्याचा फोटो दाखवून दोन बादल्यांतून एक निवडायला दिली. फोटोतला घोडा जिकडे बघत होता, तिकडची बादली ते निवडत. फोटोतले कान झाकले की मात्र गोंधळत. डोळे झाकले तरी तेच. पुढच्याच वर्षी तिथल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरच्या 17 हालचाली नोंदवल्या. कुत्र्याच्या 16 आहेत, चिंपांझीच्या 13. लांबट तोंडाच्या या प्राण्याला आपण उगाच भावशून्य समजत आलो.

वरचा ओठ उचलून दात दाखवणाऱ्या घोड्याचा फोटो सगळ्यांना आवडतो. पण ते हसू नव्हे. एखादा वास नाकातल्या खास अवयवापर्यंत पोचवायची ती युक्ती. लहान शिंगरू मोठ्या घोड्यासमोर तोंडाची उघडझाप करतं, त्याचा अर्थ मात्र ‘मी लहान आहे, मारू नका’ असा लावला जातो. मागचा एक पाय सैल सोडून, खुराचं टोक टेकवून उभा असलेला घोडा आरामात आहे. माश्या नसतानाही शेपटीचे फटकारे सुरू असतील, तर काहीतरी खुपतंय.

खिंकाळण्यात तर एकाच वेळी दोन सूर असतात. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ते वेगळे करून पाहिले. एक सूर सांगतो घोडा किती उत्तेजित आहे, दुसरा सांगतो त्याला बरं वाटतंय की वाईट.

आणि आपला चेहरा? तोही त्याला कळतो. 2016 साली 28 घोड्यांना माणसांचे हसरे आणि रागीट फोटो दाखवले. रागीट चेहरा दिसताच ते डाव्या डोळ्याने जास्त बघू लागले, हृदयाचे ठोके भरभर वाढले. डाव्या डोळ्याला दिसलेलं मेंदूच्या उजव्या भागात जातं, आणि धोका ओळखण्यात त्या भागाचा मोठा वाटा असतो.

या वाचनाचा सम्राट म्हणजे बर्लिनचा हान्स. मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन गणित घालत आणि हान्स टाप आपटून उत्तर देई. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी उलगडा केला. उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर हान्सलाही येत नसे. टापांचा आकडा बरोबर ठिकाणी आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हले, आणि हान्स तिथे थांबे. ‘बिंग फुटलं’ म्हणून ही गोष्ट सांगतात, ते मला पटत नाही. माणसाला स्वतःलाही न जाणवलेली हालचाल टिपणारा हान्स गणितज्ञापेक्षा थोर वाटतो.

घोड्याला थेट विचारलं तर? नॉर्वेत तेही झालं. घोड्यांसमोर पाट्या ठेवल्या: आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरी पाटी म्हणजे आहे तसं राहू द्या. 23 घोडे दोन आठवड्यांत शिकले. गारठ्यात, पावसात त्यांनी झूल मागितली, उन्हात काढायला लावली. आपलं म्हणणं ऐकलं जातंय हे उमगल्यावर काही घोडे चाचणीची वेळ व्हायच्या आधीच शिकवणाऱ्यांना हाका मारू लागले.