एक पेर

वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीनं बोलता बोलता सांगितलं होतं, "तर्जनीचं एक पेर गेलं की नऊ टक्के." नऊ टक्के कशाचे, तर माणसाच्या कमावण्याच्या ताकदीचे. ते डोक्यातून जाईना. म्हणून 2023 च्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी नाशिकजवळच्या एकलहऱ्याला, काकांच्या ओट्यावर गेले.

इथल्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. 210 मेगावॅटचे तीन संच, त्यांना लागणारा कोळसा, कोळशाची राख आणि त्या राखेच्या विटा पाडणारे छोटे कारखाने. ओल्या राखेला सिमेंटसारखा थंड, किंचित उग्र वास असतो. ओट्यावर माझ्याआधी येऊन बसलेल्या माणसाच्या कपड्यांना तोच वास होता. चाळीस दिवस कामावर गेला नव्हता, तरीही.

काका वीजकामगार म्हणून निवृत्त झालेले, युनियनमध्ये मुरलेले. दर रविवारी लोक आपली दुखणी घेऊन येतात आणि दावा होतो की नाही ते काका सांगतात. पैसे घेत नाहीत.

ओट्यावरचा तो माणूस पेठ तालुक्यातला, पस्तिशीचा. उजवा हात डाव्या तळव्यात झाकून बसला होता. बोलायची ती त्याची बायको.

"कामावर असताना झालं?"

"हो काका. पट्ट्याच्या पुलीत बोट गेलं."

"किती माणसं आहेत तिथं?"

"आठ."

दहा असती तर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, वाट धरावी लागली असती. आठ म्हणजे तेव्हा लागू असलेला 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा. त्यात पाहायचं एवढंच, की इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली का. तीन दिवसांत बरं होणारं दुखणं त्यात बसत नव्हतं. दावा दोन वर्षांच्या आत करायचा, नाशिकच्या कामगार न्यायालयात. हे काकांनी भराभर सांगितलं.

मग ते थांबले ते केस पेपरवर. त्यावर लिहिलं होतं, 'घरी दारात बोट सापडून'.

"हे कुणी सांगितलं डॉक्टरला?"

"मालक सोबत होते," बाई म्हणाली. "मी पोचले तोवर लिहून झालं होतं."

मला राग आला. काका रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडून फोन मागितला. दर महिन्याला मालकाच्या नंबरावरून आलेले 12,000 रुपये, अपघाताच्या सकाळी सव्वानऊला आलेला 'लवकर ये' हा निरोप, आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसानं दुपारी तिला केलेला फोन. काकांनी एकेक वेळ वहीत उतरवली. घरी दारात सापडलेल्या बोटाची बातमी बायकोला कारखान्यातून कशी कळेल, हे न्यायाधीशांसमोर विचारता येणार होतं.

"मालक म्हणतो, जाळी यांनीच काढली," बाई हळूच म्हणाली. तिला वाटत होतं, इथं सगळं संपतं.

"जाळी होती का?"

पहिल्यांदाच तो बोलला. "मी लागलो तेव्हापासून नाही."

"मग झालं. जाणूनबुजून काढली, हे मालकानं सिद्ध करायचं. तू नाही."

आता राहिलं होतं हाड. त्या कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीच्या चार पायऱ्या होत्या : अख्खं बोट 14 टक्के, दोन पेरं 11, एक पेर 9, आणि हाड शाबूत राहून नुसतं टोक गेलं तर 5. प्लास्टिकच्या पिशवीतून एक्स-रे निघाला. काकांनी तो आभाळाकडे धरला. शेवटचं हाड नव्हतं.

"नऊ," ते म्हणाले.

बारा हजारांचे साठ टक्के 7,200. पस्तिशीचा गुणक 197.06. दोन्हींच्या गुणाकाराचे नऊ टक्के म्हणजे 1,27,695 रुपये. बाईनं आकडा दोनदा विचारून घेतला.

परिशिष्टात 'उजव्या किंवा डाव्या हाताची बोटे' असंच लिहिलं होतं. कुठल्या हातानं माणूस कमावतो, हे तिथं कुणी विचारत नव्हतं. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सुताराच्या खटल्यात ते विचारलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयानं त्याचं अपंगत्व पूर्ण मानलं. एका पेरासाठी एवढं कोण भांडणार? पण राखेची ओली वीट उचलायला बोटांची पकड लागते, आणि ती त्याच्याकडे उरलेली नाही. नऊ हा आकडा मला कमीच वाटतो. काकांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "आधी नऊ तर पदरात पडू दे."

अर्ज लिहून झाला. काकांनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

"सही येते मला," तो म्हणाला.

त्यानं पेन घेतलं. अंगठा आणि मधलं बोट यांच्यात धरून पाहिलं, पुन्हा धरलं. नावाचं पहिलं अक्षर कागदावर वाकडं उमटलं आणि पेन निसटलं. बायकोनं ते उचलून बाजूला ठेवलं आणि त्याचा डावा अंगठा पॅडवर टेकवला.