जुनी इटालियन सायकल नेमकी कोणत्या सालची? (एपिसोडचा लिखित मजकूर)

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे काय ना’ शक्य तितके काढलेत.

तर, कंपनीच्या प्रोजेक्टमुळे मी गेलं दीड वर्ष मिलानमध्ये आहे. माझ्या घरमालकीण सिन्योरा सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले आणि त्यांची रेसिंग सायकल तळघरात पडून होती. एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं, “रंग पुन्हा मारलाय, स्टिकर एकही नाही, कंपनी कळत नाही. १२० युरो देतो.” सिन्योरांनी मला हाक मारली, “तू इंजिनिअर आहेस ना, बघ जरा.” मी सॉफ्टवेअरवाला आहे हे सांगून उपयोग नव्हता. आपल्याकडे मावशी प्रिंटर बिघडला की बोलावते, तसंच ते.

पण त्यांचा प्रश्न किमतीचा नव्हताच. “साल सांग,” त्या म्हणाल्या. “हे मला कायम सांगायचे, सायकल लग्नाआधीची आहे. आमचं लग्न १९७६ सालचं.”

आता पहिली गोष्ट. स्टिकर आणि रंग यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्टिकर आजही नवे छापून मिळतात. फाइलचं नाव कोणीही बदलू शकतो, तसंच हे. आणि हो, पार्टवर ‘ब्रेव्ह.’ असं कोरलेलं दिसलं तर ते मॉडेलचं नाव नाही हं! ते ‘ब्रेवेत्तातो’चं लघुरूप, अर्थ पेटंट घेतलेलं. मी स्वतः पंधरा मिनिटं ‘ब्रेव्ह’ नावाची कंपनी शोधत होतो.

मग सायकल उलटी केली. पॅडलचा अ‍ॅक्सल जिथे बसतो ती आडवी नळी मोजली, ७० मिलिमीटर भरली. हे इटालियन माप. इंग्लिश मापाची नळी ६८ची असते आणि तिच्या एका बाजूचे आटे उलटे असतात. इटालियनमध्ये दोन्ही बाजू सरळ. म्हणजे देश तरी बरोबर होता. त्याच नळीच्या पोटात, चिखलाखाली, पत्त्यातल्या किलवरसारखी नक्षी कापलेली निघाली! तसंच किलवर पुढच्या चिमट्याच्या माथ्यावर, रंगाच्या थराखाली बोटाला लागत होतं.

हे कोलनागोचं चिन्ह. एर्नेस्तो कोलनागो यांनी मिलानजवळच्या कांबियागोत १९५४ मध्ये छोटं वर्कशॉप काढलं. १९७० साली मिकेले दांचेल्ली त्यांच्या सायकलवर मिलान-सान रेमो ही शर्यत जिंकला आणि त्यानंतर हे किलवर आलं. म्हणजे सायकल १९७० नंतरची. एक टोक सापडलं. (एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, ती सायकलही कोलनागोंनीच बनवलेली.)

दुसरं टोक फ्रेमवरच्या बारीकसारीक गोष्टी देतात. मागच्या चाकाची जागा आतून मोजा. १२० मिलिमीटर म्हणजे पाच चकत्यांचा काळ, १२६ म्हणजे सहा-सात, १३० म्हणजे आठ आणि पुढे. इथे १२०. फक्त जुनी फ्रेम ताणून रुंद करता येते, हे लक्षात ठेवा. मग ब्रेकची वायर. लहानपणी आपल्याला ज्या दांडीवर बसवायचे, तिच्यावर ती चकचकीत क्लिपांनी बांधलेली होती आणि गिअरचे खटकेही पट्टीने आवळलेले. यासाठी फ्रेमलाच खुंट्या डाखण्याची पद्धत सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे सर्रास झाली. म्हणजे आपण १९७० आणि साधारण १९८० यांच्या मध्ये आलो.

पण सिन्योरांना १९७६च्या अलीकडे की पलीकडे हे हवं होतं. तिथे फ्रेम गप्प बसते. सिरियल नंबरही सापडला नाही. बोलतात ते पार्ट.

विचेंझाच्या कांपान्योलो कंपनीने त्या काळात एक फार चांगली सवय पाळली. नुओव्हो रेकॉर्ड या मागच्या डिरेलरवर ‘पेटंट’ या शब्दापुढे सालाचे दोन आकडे, आणि चाकाच्या हबच्या लॉकनटवर ‘कॅम’ आणि दोन आकडे. टूथब्रश आणि रॉकेल घेऊन बसलो. डिरेलरवर ७७. मागच्या हबवर ७७. पुढच्या हबवरही ७७.

एक पार्ट तर कोणीही बदलतो. तीन पार्ट एकच साल सांगतात तेव्हा ते एकत्रच, नवे असताना बसवलेले असण्याची शक्यता खूप वाढते. गडबड फक्त हँडलच्या स्टेमची होती. त्यावर चिनेल्लीचा पंखवाला ‘सी’ होता आणि ते चिन्ह १९७९चं. त्याआधी ढालीसारखं चिन्ह असायचं. मी विचारलं, हँडल कधी बदललं होतं का? सिन्योरा लगेच म्हणाल्या, “ट्रामच्या रुळात चाक अडकून पडले होते ना! धाकटी तेव्हा नुकतीच झाली होती. बाकी कशाला कधी हात लावू दिला नाही.” आपलं कोडं सुटलं.

मॉडेल? नळ्या साध्या गोल, कुठे चेपलेल्या खाचा नाहीत, म्हणजे नुओव्हो मेक्सिको नाही. माझ्या मते ‘सुपर’. पण हे मी ‘बहुतेक’ म्हणूनच सांगितलं, कारण रंगाखालचं मॉडेलचं नाव कायमचं गेलंय. खात्रीने मॉडेल सांगणाऱ्या विक्रेत्याला, कशावरून, हे जरूर विचारा.

निकाल सांगताना मला जरा धाकधूकच होती. म्हटलं, “सिन्योरा, १९७७च्या आधीची असणं कठीण आहे.”

त्या बराच वेळ लॉकनटकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सत्त्याहत्तर. त्या वर्षी मी फ्रिज मागितला होता. पैसे नाहीत म्हणाले.” आणि इतक्या हसल्या की डोळे पुसायला माझंच रॉकेलचं फडकं उचलणार होत्या.

गिऱ्हाइकाला त्यांनी फोनवरच नाही सांगितलं. सायकल आता तळघरातून वर आली आहे, फ्रिजशेजारी भिंतीला टेकून उभी असते.

तुमच्याकडे अशी एखादी असेल तर मला पूर्ण सायकलचा फोटो नको. खालची नळी, डिरेलर आणि दोन्ही लॉकनट, हे जवळून, आणि आधी घासून.