मलुंगा कुणी जपला?

आफ्रिकी संगीत म्हटलं की आज पिंपरी-चिंचवडच्या तरुणाला जेंबे हा ढोल आठवतो, किंवा नायजेरियाच्या रेमाचं २०२२ सालचं ‘काम डाउन’. हे सूर मोबाइलवरून आपल्याकडे आले, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात आफ्रिकेची माणसं आपल्या किनाऱ्यावर आणि दख्खनच्या पठारावर शतकानुशतकं राहिली आहेत आणि त्यांची काही वाद्यं आजही इथे वाजतात. गेल्या चारशे वर्षांचा मागोवा घेतला, तर ती कुणी टिकवली याचं उत्तर अनपेक्षित निघतं. ज्या हबशी-सिद्दींच्या हाती सत्ता आली, त्यांचं गाणं इथल्या मातीत विरून गेलं. ज्यांच्या वाट्याला चाकरी आणि फकिरी आली, त्यांनी ते राखलं.

मलिक अंबर (१५४८–१६२६) इथिओपियातून गुलाम म्हणून आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याची आठवण म्हणून आपल्याकडे खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आहे. तिथली नहर आहे. गनिमी काव्याच्या कथा आहेत. पण इथिओपियाचं एकतारी मासिंको किंवा क्रार हे तंतुवाद्य दख्खनच्या दरबारात रुजल्याचं दिसत नाही. जंजिऱ्याचं सिद्दी संस्थान १९४८पर्यंत टिकलं, तरी तिथेही तेच. जंजिऱ्याच्या नवाबाशी लग्न झालेल्या नाझली यांची बहीण अतिया फैजी हिनं १९१४ साली संगीतावर पुस्तक लिहिलं, ते हिंदुस्थानी संगीतावर. यात दोष कुणाचाच नाही. सत्ताधारी होण्यासाठी भाषा, पोशाख, मैफल, सगळं दरबारी रिवाजाचं घ्यावं लागतं.

आता गुजरातेत भरूचच्या बाजूला रतनपूरला जाऊ. तिथल्या टेकडीवर बावा गोर या हबशी पीराचा दर्गा आहे. अकीकाच्या व्यापाराशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. बावा हबश हे त्यांचे भाऊ आणि माई मिस्रा ही बहीण, असं सिद्दी मानतात. मुंबईत डोंगरीच्या सिद्दी मोहल्ल्यातही बावा गोरचा चिल्ला, म्हणजे स्मरणस्थान, आहे. या ठिकाणी सिद्दींचं जे गाणं-नाचणं होतं ती धमाल; तिला गोमाही म्हणतात. पायांवर उभा केलेला लाकडी मुगरमान, दोन्ही तोंडांचा मुसिंडो, नारळाचा खुळखुळा (त्याला माई मिस्राचंच नाव आहे) आणि मलुंगा ही तिची वाद्यं. मलुंगा म्हणजे धनुष्यासारखी वाकवलेली काठी, तिला एक तार, आणि नाद घुमवायला भोपळा. तारेवर काडीनं आघात करतात. ब्राझीलचा बेरिंबाऊ आणि मॉरिशस-रियुनियनचा बोब्र हे त्याचे सख्खे नातलग. आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांबरोबर ते तिकडे पोचले. धमाल बसूनही गातात आणि उभं राहून नाचूनही. एकानं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची; लय चढत जाते आणि कुणाच्या अंगात ‘हाल’, म्हणजे भक्तीची तंद्री, येते. नवस, बाधा, मूल न होणं अशा कारणांनी तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात. म्हणजे हा ढोल करमणुकीसाठी नाही. तो वाजला नाही तर दर्ग्याचं काम अडतं, आणि माझ्या मते तो टिकण्याचं खरं कारण हेच आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गुजरातेत आफ्रिकी माणसं एकोणिसाव्या शतकातही येत राहिली, म्हणून आठवण ताजी राहिली. यात दर्ग्याचं श्रेय काय? पण त्याच शतकात नाशिकजवळ शरणपूरला, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मिशनच्या आश्रमात वाढत होती. आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासातला जेकब वेनराइट तिथलाच. त्यांना सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी आणि ख्रिस्ती प्रार्थना मिळाल्या. १८७०च्या दशकात त्यांतले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला गेले, आणि नाशकात त्यांच्या संगीताचा मागमूस उरला नाही. ते गेले हे कारण आहेच. पण इथे असतानाही त्यांचं गाणं प्रार्थनामंदिराचं होतं. नुसतं उशिरा येणं पुरेसं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात कोकणी-मराठी मिसळून बोलणारे सिद्दी राहतात. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान तिन्ही आहेत, आणि दमाम हा ढोल तिघांचाही आहे. तिथे बावा गोर नाही. हे मान्य करून मी माझं म्हणणं थोडं रुंद करतो: दर्गाच हवा असं नाही, पण वाद्याला एकत्र राहणाऱ्या माणसांच्या जगण्यात नेमकं काम हवं. आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्या टाळगाव चिखलीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. इंद्रायणीकाठी टाळ-मृदंग टिकले ते काकडा, एकादशी आणि वारी यांमुळे. सभागृहातल्या टाळ्यांमुळे नव्हे.

मंचानं मात्र गेल्या चाळीसेक वर्षांत धमालीला मोठं नाव दिलं. भरूचकडच्या ‘सिद्दी गोमा’ पथकानं परदेश दौरे केले, जांबूरच्या सिद्दींचं डोक्यावर नारळ फोडणं पर्यटकांना पाठ झालं. पैसा मिळाला, तो हवाच होता. पण मंचाला नारळ आणि उड्या लागतात; मलुंगाचा बारीक आवाज तिथे बुडतो, आणि तो वाजवणारे आज मोजकेच आहेत. युनेस्कोच्या यादीत रियुनियनचं मालोया २००९ साली, ब्राझीलचं कापोएरा आणि मॉरिशसचं सेगा २०१४ साली आलं. गुजरातचा गरबा २०२३ साली आला. त्याच गुजरातची धमाल तिथे नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले. ते पैसे मंचावरच्या कार्यक्रमासाठी नव्हते, चालत्या परंपरेसाठी होते. तोच न्याय डोंगरीच्या चिल्ल्यातल्या धमालीला लावावा. मलुंगा वाजवणाऱ्याला उरुसाचं मानधन द्यावं, आणि त्याच्याबरोबर शिकायला बसणाऱ्या मुलालाही.