आंतरवासितेतील विद्यार्थी आणि गुरूचा लेखी अभिप्राय

बी.ए.एम.एस.चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून विद्यार्थी एक वर्षाच्या आंतरवासितेसाठी रुग्णालयात येतो. विभागातील काळ संपला की आपण त्याच्या नोंदवहीवर 'समाधानकारक' असा शेरा लिहून स्वाक्षरी करतो. आम्हीही अनेक वर्षे हेच केले. एकदा निरोप घेताना एक विद्यार्थी म्हणाला, "सर, माझे नेमके काय चुकते, हे वर्षभरात कोणी सांगितलेच नाही." आम्हांस उत्तर सुचले नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात छेदनाचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांसारख्या फळांवर, तर सीवनाचा सराव जाड वस्त्र व मऊ चामड्यावर सांगितला आहे. सराव आला की चूक आली आणि चूक दाखविणारा गुरूही आला. गुणांचा आकडा विद्यार्थी कोठे उभा आहे एवढेच सांगतो. पुढील पाऊल कोठे टाकावे, हे सांगण्यास वाक्येच लागतात.

एक नमुना पाहू. "आमवाताच्या रुग्णेचा संधिशोथ आपण अचूक टिपला. मात्र अग्नी, मलप्रवृत्ती व जिह्वा यांची नोंद केली नाही. त्यामुळे सामावस्था ध्यानी न येता तैलाभ्यंग सुचविला गेला; त्याने वेदना वाढण्याचा संभव होता. अशा अवस्थेत लंघन व वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद यांचा विचार प्रथम करावा. पुढील पाच रुग्णांत साम-निराम निर्णय कारणांसह लिहून दाखवावा."

या अभिप्रायात प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट आहे, तिचा रुग्णावर होणारा परिणाम आहे आणि पुढे करावयाचे काम आहे. 'निष्काळजी', 'हुशार' अशी विशेषणे मात्र नाहीत. कारण अभिप्राय कृतीवर असावा, व्यक्तीवर नव्हे. जे चांगले झाले तेही तितक्याच नेमकेपणाने लिहावे. प्रसंग ताजा असतानाच लिहावे, विद्यार्थ्यास एकांतात वाचावयास द्यावे आणि त्याचे म्हणणेही ऐकून घ्यावे. आकडे एकत्र करून वर्षाअखेरीस लिहिलेला अभिप्राय विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही.

बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत वेळ कोठून आणावा, हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक रुग्णासाठी नव्हे, तर दर पंधरवड्यास प्रत्येक विद्यार्थ्यामागे एका रुग्णावर चार ओळी लिहिल्या तरी पुरे. उद्या हाच विद्यार्थी एखाद्या गावी एकटा वैद्य म्हणून बसेल. तेथे त्याची चूक दाखविणारे कोणी नसेल आणि तिची किंमत रुग्णास मोजावी लागेल. म्हणून ती आजच, आपल्या लेखणीने दाखविणे हे आपले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.